चष्मा घातलेल्या गाई

१

"विमाबाई, माझ्या गाई चोरीला गेल्यात," ताई फोनवर ओरडल्या, "आणि त्यांच्या जागी भलत्याच उभ्या आहेत!"

हिने फोन ठेवला, चहाचा कप अर्धा भरलेला तसाच सोडला आणि मला म्हणाली, "अहो, चपला घाला."

ही चहा टाकून उठली म्हणजे प्रकरण साधं नाही, एवढं मला इतक्या वर्षांच्या संसारात कळलेलं आहे. ही म्हणजे माझी बायको. सगळं गाव तिला विमाबाई म्हणतं, कारण जनावरांचा विमा उतरवणाऱ्या कंपनीत तिची सगळी नोकरी गेली. मेलेली गाय ही विम्यातलीच गाय आहे की शेजाऱ्याची, हे ओळखणं हे तिचं काम. एकच म्हैस पुन्हापुन्हा मारणारे महाभाग तिने उघडे पाडलेत. निवृत्त झाल्यापासून तिच्या हाताला काही काम नव्हतं आणि ती माझ्यामागे लागली होती. त्यामुळे ताईंच्या गाई चोरीला गेल्याचं ऐकून मला, खरं सांगतो, थोडं हायसंच वाटलं.

मी कोण? मी टेलर. लोक मास्तर म्हणतात. दुकान मुलाच्या हवाली केलंय, कात्री अजून खिशात असते.

ताईंचं घर गावाबाहेर, मागे उतारावर कुरण. ताई दारातच उभ्या होत्या. लेकीच्या बाळंतपणाला म्हणून गेल्या आणि नातवात इतक्या अडकल्या की पुन्हा थंडी आली तरी परतल्या नव्हत्या. काल संध्याकाळी आल्या. तिकडे केस रंगवायलाही सवड मिळाली नसावी. भांगाच्या दोन्ही बाजूंना चांगला रुंद पांढरा पट्टा आणि त्याखाली काळेभोर केस. मी तिकडे बघतोय हे हिच्या लक्षात आलं आणि हिने मला कोपर मारलं.

"या, बघा," ताई म्हणाल्या. "माझ्या गाई कशा होत्या, मास्तर? तुम्हीच सांगा."

"बिनशिंगी, काळ्या कुळकुळीत," मी म्हणालो. खोटं कशाला बोला? चकाकायच्या अगदी.

कुंपणापलीकडे ज्या उभ्या होत्या त्याही बिनशिंगी, पण पिंगट होत्या. गंजलेल्या पत्र्यासारखा रंग, केस राठ, आणि प्रत्येकीच्या डोळ्यांभोवती फिकट करडं वर्तुळ. सगळ्या गाई चष्मा लावून आमच्याकडे बघत होत्या. मला हसू आवरेना. ताईंचा चेहरा पाहिला आणि आवरलं.

"हाक मारली तर एकीने मान वळवली नाही," ताई म्हणाल्या. "मी पाजून, भरवून वाढवलेल्या गाई! आणि हा म्हणतो, त्याच आहेत."

'हा' म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. आईवडील गेले तेव्हा तो हातभर होता, ताईंनीच वाढवला. आता चाळिशी ओलांडली तरी त्या त्याला धाकट्याच म्हणतात. तो गोठ्याच्या खांबाला टेकून उभा होता, मान खाली.

"त्याच आहेत गं ताई. उन्हाने विटल्या असतील."

"उन्हाने? माझ्या हयातीत ऊन पडलं नव्हतं का?" ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. "विमाबाई, संध्याकाळी व्यापारी ट्रक घेऊन येतोय. असल्या परक्या गाई मला दारात नकोत. आणि त्या ट्रकबरोबर ह्यानेही निघायचं. मी ज्याला पोटच्या पोरासारखा वाढवला, त्याने माझ्या गाई विकून खाल्ल्या असतील, तर त्याच्याबरोबर मला एका छपराखाली राहायचं नाही."

धाकट्याने वर पाहिलं. मोठ्या माणसाचा चेहरा असा लहान पोरासारखा झालेला मला बघवत नाही.

ही मात्र रुमाल ओला करून एका गाईची पाठ खसाखसा पुसत होती. रुमाल उलटा करून पाहिला. रंग काही लागला नव्हता.

"कानातले बिल्ले?" तिने विचारलं.

"बिल्ले तेच आहेत. पण बिल्ला काय, ह्या कानातून काढून त्या कानात घालता येतो."

"येतो," ही म्हणाली. तिने असे बरेच पाहिले होते. "विमा उतरवला असतात, तर नाकाचे ठसे घेऊन चुटकीसरशी सांगितलं असतं. मी किती मागे लागले होते तुमच्या!"

"आता टोमणे नकोत, विमाबाई."

"बरं. धाकटेभाऊ, त्या टेकाडापलीकडे काय आहे? जरा चक्कर मारून येऊ."

धाकटा ताडकन खांबापासून सुटला. "तिकडे काही नाही! तिकडे... चिखल आहे."

महिनाभर पाऊस नव्हता.

२

हिने चिखलाचा विषय वाढवला नाही. समोरचा घाबरला की ही गोड होते, नोकरीतली सवय. "राहू द्या मग," म्हणाली आणि गाईंचे ओठ उचलून दात बघू लागली. मी दोन पावलं मागे सरकलो.

"म्हाताऱ्या आहेत," ती स्वतःशीच म्हणाली. "दात पार झिजलेत."

मग आम्ही धाकट्याबरोबर गोठ्यामागच्या खोलीत गेलो. पेंढा, दोरखंड, बादल्या आणि कोपऱ्यात कागदात बांधलेल्या चाटण विटांची चळत. गुरांना मीठ आणि क्षार मिळावेत म्हणून कुरणात ठेवतात, गाई येता-जाता चाटतात, त्या विटा. चळतीवर बोटभर धूळ होती.

"ह्या वापरत नाही का तुम्ही?" हिने विचारलं.

"वापरतो की. म्हणजे दुसऱ्या. कुरणात ठेवल्यात."

"मग ह्या का ठेवून दिल्यात?"

"त्या... ताईंनी आणलेल्या. जपून ठेवल्यात."

चाटण वीट जपून ठेवणारा माणूस मी तरी पाहिला नाही. बाहेर येताना कुंपणाच्या तारेत अडकलेलं काहीतरी मी ओढून काढलं. पांढरी, मऊ बट.

"हे काय हो?" मी विचारलं.

"कोल्हा," धाकटा म्हणाला. "कोल्हे फार झालेत."

मी जन्मभर कापड हाताळलंय. कोल्ह्याची लोकर निघते हे मला नवीन होतं. मी बट खिशात घातली.

तिथून व्यापाऱ्याकडे जाताना मी हिला म्हणालो, "पोरगं खोटं बोलतंय. बोलताना कान लाल झाले होते त्याचे."

"खोटं बोलतोय, पण कशाबद्दल? गाईंबद्दल बोलताना त्याचे कान लाल झाले नव्हते." ती थांबली. "अहो, काळं कापड उन्हाने विटतं ते कसं?"

"कसं म्हणजे? वरून विटतं. कोटाची शिवण उसवली की आतली बाजू काळीभोर निघते. उन्हाला आत कसं शिरता येणार?"

हिने माझ्याकडे असं पाहिलं की मला एकदम लग्नानंतरचे पहिले दिवस आठवले. "कधीकधी तुम्ही फार कामाचं बोलता हो," म्हणाली. आणि पुढे काही सांगेना. रहस्य पोटात ठेवून चालायचं म्हणजे हिला कोण आनंद!

व्यापाऱ्याच्या वाड्याजवळ पोचलो आणि फाटकातूनच मला दिसलं. आत एका ओळीत काळ्या कुळकुळीत गाई उभ्या होत्या.

३

व्यापाऱ्याला सगळे शब्दबाबा म्हणतात, कारण प्रत्येक वाक्याआधी तो शब्द देतो. "शब्द देतो विमाबाई, ह्या गाईंचा ताईंशी काही संबंध नाही!" आम्ही काही विचारायच्या आतच तो म्हणाला.

"आम्ही कुठे म्हटलं?"

"मास्तरांचे डोळे म्हणतायत."

खरं होतं. माझे डोळे विस्फारलेलेच होते. ताईंच्या गाई मागण्यासाठी हा गृहस्थ कितीदा दारात जाऊन बसला होता, हे गावात सगळ्यांना माहीत. ताईंनी नाकावर माशी बसू दिली नव्हती. आता ताई नसताना संधी साधली, दुसरं काय?

"शब्द देतो, धाकट्याने मला शेपूटसुद्धा विकली नाही," शब्दबाबा पुढे म्हणाला. "मी विचारलं होतं, नाकारत नाही. तो म्हणाला, ताईच्या गाई आहेत, ताईला विचार. पण हल्ली रोज संध्याकाळी दाढी करून, धुतलेला शर्ट घालून कुठे जातो, हे तुम्ही त्याला विचारा. गाई विकल्याशिवाय माणूस रोज दाढी करत नाही."

ही काळ्या गाईंच्या ओळीतून फिरत होती. एकीचा ओठ उचलला, दुसरीचा उचलला.

"तरण्या आहेत," म्हणाली. "दुधाचे दात अजून पडतायत. ताईंच्या गाई म्हाताऱ्या होत्या, आणि त्यांच्या कुरणात आत्ता आहेत त्याही म्हाताऱ्याच. शब्दबाबा, कुणी गाई बदलायच्या म्हटल्या, तर तेवढ्याच उंचीच्या, तेवढ्याच म्हाताऱ्या, सगळ्या बिनशिंगी आणि सगळ्या चष्मेवाल्या गाई त्याला कुठे मिळतील?"

"शब्द देतो, कुठेही नाही. मीसुद्धा आणू शकणार नाही."

"मग संध्याकाळी ट्रक जरा उशिरा आणा."

"ते नाही जमायचं," तो हसून म्हणाला. "ताईंना शब्द दिलाय."

म्हणजे गाई बदललेल्या नव्हत्या, तर काळ्या गाई पिंगट कशा झाल्या? आणि नुसतं 'बदलल्या नाहीत' एवढं सांगून ताई ऐकणार होत्या थोड्याच! त्यांनी तर लेकीच्या डॉक्टरलाही पाळणा कसा हलवावा ते शिकवलं असेल.

"दाढी करून हा कुठे जातो?" मी विचारलं.

"ताईंच्या कुरणाला लागून घर कुणाचं?" हिने उलट विचारलं.

४

त्या घरात एक विणकर बाई नुकत्याच भाड्याने राहायला आल्या होत्या. नुकत्याच म्हणजे ताई गेल्यानंतर. हातमागावर शाली विणायच्या. पस्तिशीच्या असतील, कपाळावर घामाने चिकटलेले केस, बोलणं मोकळं. खोलीभर माग, भिंतीला सुताच्या लडी, खिडकीत दोन कप पालथे घातलेले. एकट्या बाईच्या घरात दोन कप, हे हिच्या नजरेतून सुटलं नाही.

"लोकर कुठून आणता?" हिने गप्पांच्या ओघात विचारलं.

"बाजारातून."

मी मागाजवळच्या टोपलीत हात घातला होता. सवय, दुसरं काय. बोटं तेलकट झाली. खिशातली बट काढून चोळली, तशीच तेलकट.

"बाजारातली लोकर धुतलेली असते बाई," मी म्हणालो. "ही तर अंगावरून नुकती उतरवलेली आहे. हिला अजून मेंढीचा वास येतोय."

विणकर बाईंचा हात मागावर थबकला. आणि नेमकं त्याच वेळी, टेकाडाच्या बाजूने, लांबलचक, निःसंशय आवाज आला: "बें..."

"कोल्हा," मी हिला म्हणालो.

विणकर बाईंनी कपाळावर हात मारला आणि हसू लागल्या. मग हसता हसता डोळे पुसले. "सांगते सगळं. पण ते स्वतः सांगणार होते ताईंना. त्यांना ओरडू नका."

ताईंना मेंढ्यांचा भारी तिटकारा. मेंढ्या गवत मुळापर्यंत खातात, कुरणाची वाट लावतात, असं त्यांच्या वडिलांनी त्यांच्या डोक्यात भरवलेलं. तर ह्या बाईंच्या मेंढ्या धाकट्याने ताईंच्या माघारी गाईंबरोबर त्याच कुरणात चरायला सोडल्या होत्या. आधी एक-दोन, मग कळप. काल ताई आल्या तशा घाईघाईने टेकाडामागे लपवल्या.

"आणि तुमचा एक मेंढा मेला," ही म्हणाली.

"तुम्हाला कसं कळलं?"

"चाटण विटांवर धूळ बसलीय म्हणून."

बाई अवाक झाल्या. मीही झालो, पण नवऱ्याने तसं दाखवायचं नसतं.

"मेला," बाई म्हणाल्या. "चांगला धट्टाकट्टा होता. गुरांचे डॉक्टर म्हणाले, गाईंच्या विटेत तांबं असतं. गाईंना ते लागतंच, पण मेंढीच्या अंगात साठत जातं आणि तिला मारतं. मेंढ्यांसाठी बिनतांब्याची वेगळी वीट मिळते, ती आणा. मग ह्यांनी गाईंच्या विटा उचलून ठेवल्या. सगळीच जनावरं एका ठिकाणी चाटतात ना, मग सगळ्यांना एकच वीट. म्हणाले, मिठाला मीठ, गाईंना काय कळतंय."

ही उठली. "अहो, कात्री आहे ना खिशात?"

बाहेर रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजला. शब्दबाबाने शब्द पाळला होता.

५

आम्ही पोचलो तेव्हा ट्रकची फळी खाली टेकवलेली होती. धाकटा पायरीवर बसला होता, शेजारी एक पिशवी. कपड्यांची. ताई त्याच्याकडे पाठ करून उभ्या होत्या, आणि पाठ करून उभ्या राहिलेल्या ताई मी कधी पाहिल्या नव्हत्या. भांडताना त्या नेहमी समोर असतात.

"थांबा," ही म्हणाली. "मास्तर, कात्री."

कोट कापणाऱ्या ह्या हातांनी मी त्या दिवशी गाईची शेपटी कापली. म्हणजे गोंडा. गोंड्याच्या लांब केसांची एक बट अगदी मुळाशी कापली, आणि त्यात गाईने मला लाथ मारायचा जो प्रयत्न केला, तो आयुष्यभर विसरणार नाही. हिने रुमालावर बट पसरली.

"ताई, वाका. हे मुळाकडचं टोक. रंग कोणता?"

"पिंगट. बघतेय की मी."

"आणि हे शेवटचं टोक?"

ताई वाकल्या. बराच वेळ वाकलेल्या राहिल्या. केसांची टोकं काळी कुळकुळीत होती.

"अंगावरचा केस गळतो आणि नवा येतो," ही म्हणाली, "म्हणून अंग सगळं पिंगट. गोंड्याचा केस मात्र लांब वाढत जातो. टोक जुनं, मूळ नवं. उन्हाने विटला असता तर टोक विटलं असतं आणि मूळ काळं राहिलं असतं. कोटाच्या शिवणीसारखं, हे आमच्या मास्तरांनी सांगितलं. इथे उलटं आहे. ही गाय काळी होती, तुमच्याच कुरणात काळी होती, आणि तुम्ही गेल्यानंतर कधीतरी हिचा नवा केस पिंगट यायला लागला."

"असं कुठे होतं का?" ताई म्हणाल्या, पण आवाज उतरला होता.

"रागावणार नसाल तर सांगते."

"सांगा."

"तुमच्या भांगात झालंय. मुळाशी पांढरं, टोकाशी काळं. लेकीकडून परत आल्या त्या ताई भलत्याच, असं म्हणू का आम्ही?"

शब्दबाबा खो खो हसला आणि ताईंनी त्याच्याकडे पाहताच खोकला. ताईंचा हात नकळत डोक्याकडे गेला.

मग हिने गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला. डॉक्टर पलीकडून वैतागून ओरडले, "अहो, त्या विटा फक्त मेंढ्यांसाठी सांगितल्या होत्या मी! गाईंचीही बंद केली? तिकडची जमीनच तांब्याला कमी आहे, गवतातून मिळत नाही. तांबं कमी पडलं की केसाला काळा रंग धरत नाही. आधी डोळ्यांभोवती चष्मा दिसतो. जुलाब होतात, गाई मलूल पडतात, हाकेला ओ देत नाहीत. उद्या येऊन रक्त तपासतो म्हणजे खात्री होईल. औषध सुरू केलं की नवे केस काळे येतील. आणि मेंढ्यांना वेगळं कुरण द्या, नाहीतर उलटं होऊन बसेल!"

फोन बंद झाला. ताईंनी सावकाश विचारलं, "कुठल्या मेंढ्या?"

आता धाकट्याची बोबडी वळायची वेळ होती. पण तो उठून उभा राहिला आणि सरळ बोलला. मेंढ्या कुणाच्या, कधीपासून, मेंढा कसा मेला, विटा का बदलल्या. "रोज बघत होतो, त्यामुळे रंग बदलतोय हे मला दिसलंच नाही. तुला दिसलं. गाईंचं माझ्या हातून चुकलं, ताई. पण मी त्या विकल्या नाहीत."

शब्दबाबाने काही न बोलता ट्रकची फळी वर उचलली. त्याच्या आयुष्यात शब्द न देता केलेलं ते पहिलं काम असावं.

६

मला वाटलं, आता ताई त्याला जवळ घेतील, चहा होईल, आपण घरी जाऊ. पण धाकट्याने पिशवी उचलली.

"अरे, कुठे निघालास?" ताई म्हणाल्या.

"तू जा म्हणालीस."

"ते मला कळलं नव्हतं म्हणून."

"तू मला विचारलंच नाहीस, ताई. काल आल्याआल्या चोर म्हणालीस. विमाबाईंना फोन केलास, व्यापाऱ्याला केलास. मला एकदा खोलीत बसवून विचारलं असतंस..."

"आणि तू सांगितलं असतंस? कुरणभर मेंढ्या घातल्यास माझ्या, एवढ्या दिवसांत फोनवर एक शब्द नाही!"

"घाबरलो होतो."

"मला?"

त्याने मान डोलावली. ताईंचं सगळं अवसान गळालं. ज्याला अंगाखांद्यावर खेळवला तो आपल्याला घाबरतो, हे ऐकायला माणूस तयार नसतो. त्या पायरीवर बसल्या, त्याच्याच जागी. ही मला हळूच म्हणाली, "चला," पण माझे पाय हलेनात. मला लग्नाचा शेवट बघितल्याशिवाय मांडव सोडवत नाही.

"ती बाई," ताईंनी खाली बघतच विचारलं, "तिला माहीत आहे का? मी काय म्हणाले ते?"

"नाही अजून."

ताई उठल्या. चपला न घालताच तरातरा चालू लागल्या, कुंपणाच्या कडेने, शेजारच्या घराकडे. आम्ही सगळे मागे. शब्दबाबासुद्धा, ट्रक चालू ठेवून.

विणकर बाई दारात आल्या. ताईंना पाहून त्यांचा चेहरा पडला. ताई दम खात उभ्या राहिल्या. त्यांना माफी मागता येत नाही, कधीच आलेली नाही. सगळ्या गावाला माहीत आहे.

"मी माझ्या भावाला चोर म्हटलं," ताई म्हणाल्या. "चार लोकांसमोर म्हटलं. चूक होती माझी, म्हणून चार लोकांसमोरच सांगतेय. आता तू त्याला काय म्हणतेस, ते ऐकायला आलेय."

विणकर बाईंनी आमच्या डोक्यांवरून मागे पाहिलं. धाकटा पिशवी पोटाशी धरून उभा होता, कान लालबुंद.

"मी?" त्या म्हणाल्या. "मी तर बावळट म्हणते."

ताईंनी डोळे पुसले. भावाच्या हातातली पिशवी ओढून घेतली आणि घराच्या दिशेने वळल्या.

"मग पसंत आहे," म्हणाल्या.